तुम्ही विचारलंत म्हणून : काहून नाही घेत जी?

"जन्म इथला, बोलता आमच्यासारखंच, तर मग नागरिकत्व काहून नाही घेत जी?"

नागपुरात आम्हा तिबेट्यांच्या स्वेटरच्या दुकानावर हा प्रश्न मला दर हिवाळ्यात निदान वीसदा तरी ऐकावा लागतो. गिऱ्हाईक माप बघत असतं, मी घडी मोडत असतो, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात मी उत्तर देऊन मोकळं व्हायचं असतं. मी हसून "बघू" म्हणतो. या वर्षी म्हटलं, लिहूनच टाकू.

चीनने काय केलं, दलाई लामा कधी आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते सांगत बसत नाही. तुम्ही चांगल्या मनाने विचारता हेही कळतं. (तरी एक सांगतो. "नागरिकत्व का घेत नाही?" आणि "आपल्या देशात परत कधी जाणार?" हे दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस बहुतेकदा एकच असतो, आणि मधे श्वासही घेत नाही.)

माझा जन्म १९७९चा, नोर्ग्येलिंगचा. गोठणगावजवळ प्रतापगडच्या बाजूला १९७२ साली वसलेली ही तिबेटी वसाहत. तेव्हा भंडारा जिल्हा होता, १९९९ पासून गोंदिया. धानाच्या बांध्या, जंगल, इटियाडोह धरणाचं पाणी, महाशिवरात्रीची जत्रा, हे सगळं माझंही. फक्त मंडई हुकली. दिवाळीनंतर गावोगाव ही मंडईची जत्रा भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं रंगतात, आणि तेव्हाच आमची निम्मी वसाहत लुधियानाहून उधारीवर उचललेला माल घेऊन कुठल्यातरी शहरात थंडीची वाट बघत बसलेली असते. नाटकाची गोष्ट मला मित्रांकडून उन्हाळ्यात कळायची.

आता कायद्याचं. १९५५च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७च्या आधी जो भारतात जन्मला, तो जन्मानेच भारतीय. डिसेंबर २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात हे आम्हालाही लागू असल्याचं सांगितलं. २०१४मध्ये निवडणूक आयोगाने आमच्यासारख्यांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. म्हणजे नागरिकत्व "घ्यायचं" नाहीच, ते १९७९पासून माझ्या नावावर पडून आहे. माझी धाकटी बहीण १९८९ची. तिच्या नावावर ते नाही. एकच घर, एकच आईबाप, एकच दाई. ती आता टोरोंटोत आहे, कॅनडाची नागरिक झाली. तिला कुणी काही विचारत नाही. आमच्यातलेही नाहीत.

मग मी का थांबलो? माझ्या आरसीवर, म्हणजे परकीय म्हणून झालेल्या नोंदीच्या पुस्तिकेवर, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात "तिबेटी" लिहिलंय. २००३मध्ये भारतानेही तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं मान्य केलं. "नकाशावर उरलं नाही ते माझ्या आरसीवर उरलंय," असं मी १० मार्चच्या, तिबेटी उठाव दिनाच्या, सभेत म्हणायचो. टाळ्या पडायच्या. २०१२ साली माझा एक मित्र पासपोर्टसाठी वकिलाकडे खेटे घालत होता. त्याच मार्चमध्ये दिल्लीत एका तिबेटी तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. तिकडे तिबेटात तर २००९पासून भिक्षू, मुलं, बाया जळत होत्या. आजवर दीडशेच्या वर. मी मित्राला सगळ्यांसमोर म्हणालो, "तिकडे माणसं पेटताहेत आणि तू रांगेत उभा आहेस." तो काही बोलला नाही. लोसारला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, आमच्या घरी यायचा, ते बंद झालं.

तेव्हाचा मी आज समोर आला तर त्याला विचारीन : तू काय जाळलंस रे? एक भाषण केलंस आणि संध्याकाळी दुकान उघडलंस. तोही गप्प बसायचा नाही. म्हणेल, सगळ्यांनी आरसी परत केल्या तर परत जायचा हक्क कोण मागणार? यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

एवढ्यावर मी जन्म काढला असता. पण २०१८च्या डिसेंबरात एक काकू दुकानावर आल्या.

काकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या उन्हाळ्यात त्यांचं कैलास मानसरोवर यात्रेत नाव लागलं होतं. आल्या, पर्समधून पाण्याची छोटी बाटली काढली आणि स्टुलावर बसलेल्या माझ्या वडिलांच्या हातात ठेवली. "बाबाजी, तुमच्याकडचं पाणी."

वडील तिबेटातल्या पुरांगचे. तुम्ही त्याला तकलाकोट म्हणता. १९६०च्या उन्हाळ्यात, बाविसाव्या वर्षी, ते लिपुलेखच्या खिंडीवरून या बाजूला उतरले. मागे आजी आणि बारा वर्षांची बहीण राहिली. ते तात्पुरतं होतं. काकू त्याच लिपुलेखवरून चढून पलीकडे उतरल्या होत्या, सरकारी यात्रेत, शिक्का मारून.

वडिलांनी बाटली कपाळाला लावली. मग विचारायला सुरुवात केली. मी मधे दुभाषा. शेतं आहेत का? आहेत, हिरवीगार, वाटाण्याची वाटली. नदी? आहे, पूल पक्का झालाय. वर टेकडीवर सिम्बिलिंग गोम्पा, म्हणजे मठ? काकू थबकल्या. "पडक्या भिंती दिसल्या बाई," त्या मला म्हणाल्या, वडिलांना नाही. गोम्पा सांस्कृतिक क्रांतीत पाडला, हे वडिलांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि मी भाषांतर करताना "दिसला" एवढंच म्हणालो. काकूंनी फोनवर फोटो दाखवले. हॉटेल, चौक, चिनी पाट्या. वडील प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून कडेकडेला बघत होते, मधलं सोडून. रस्त्याने जाणारी माणसं बघत होते.

"तुमच्याशी कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"गाईड तिबेटीच होता. पण काही विचारलं की नुसता हसायचा."

वडील हसले. मग विचारलं, तुम्हाला आत कसं सोडलं? काकू म्हणाल्या, "पासपोर्टवर. आपला भारतीय पासपोर्ट."

रात्री खोलीवर थुकपा खाताना ते मला म्हणाले, "मग तूही घे ना तो पासपोर्ट. जाऊन ये. आनीला बघून ये." आनी म्हणजे आत्या. ज्या माणसाने हयातभर आरसी कधी मुदतीबाहेर जाऊ दिली नाही, ज्याच्यासाठी मी भाषणं करत होतो असं मला वाटायचं, तो सहज म्हणाला, मीठ दे म्हणावं तसं. मला राग आला. मी म्हणालो, आमच्यासारखी नावं आणि बापाचं जन्मस्थान बघून चिनी वकिलातीत वेगळी चौकशी होते, व्हिसा मिळायचा नाही. ते खरंच होतं. पण मला राग त्याचा आला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला. तिथे कळलं की २०१७च्या अटी आहेत. आरसी आणि पिवळं प्रवासाचं पुस्तक परत करायचं. तिबेटी वसाहतीत राहत नाही, धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाकडून काही लाभ घेत नाही, असं लिहून द्यायचं. खिडकीवरचा माणूस भला होता. म्हणाला, "बाहेर एखादी खोली दाखवा भाड्याची, कोण बघायला येतंय." पण आईवडील वसाहतीत, घर वसाहतीत, आणि मी शपथेवर खोटं लिहून भारतीय व्हायचं? मी अर्धा भरलेला कागद घेऊन परत आलो. तत्त्व म्हणून आलो की भीती वाटली म्हणून, हे तेव्हा ठरवता आलं नाही. घरी सांगितलं ते तत्त्वाचं.

आत्याशी वडिलांचं वीचॅटवर बोलणं व्हायचं. महिन्यातून एकदा, हवापाण्याचं, गुडघ्यांचं. बाकी काही नाही. जून २०२०मध्ये गलवाननंतर भारताने ते ॲप बंद केलं. देशासाठी योग्यच असेल. पुढच्या पावसाळ्यात वडील गेले. ते तिला अजून कळलेलं नाही.

ते गेल्यावर देवघरातली बाटली हातात घेतली. रोज सकाळी सात वाट्यांत पाणी भरताना ते पहिल्या वाटीत त्यातले चार थेंब टाकायचे. अडीच वर्षं झाली होती आणि बाटली निम्मी भरलेली. मी आईला म्हणालो, किती जपून वापरलंय. आई म्हणाली, "ते कधीच संपलं. बोअरचं भरत होते."

माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर "राष्ट्रीयत्व" आलं की ती माझ्याकडे बघते. तुमच्याइतकाच तिचाही प्रश्न रास्त आहे, आणि तिला "बघू" म्हणून चालत नाही. माझं मत बदललंय का? महिन्यातून दोनदा बदलतं. त्या मित्राला मात्र मी गेल्या लोसारला फोन केला. उचलला त्याने. बराच वेळ बटाट्याच्या भावावर बोललो.

पाच वर्षं बंद असलेली यात्रा २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा काकूंचा फोन आला. पासष्टाव्या वर्षी पुन्हा अर्ज करणार होत्या. "नाव लागलं तर काय आणू रे तुझ्यासाठी?"

तोंडाशी आलं होतं : पुरांगच्या बाजारात एका म्हातारीला शोधा, आणि तिचा भाऊ गेला एवढं सांगा. पण भारतातून आलेलं कुणी तिचं नाव घेत फिरतंय म्हटल्यावर पोलीस तिच्या दारात जातील. मग त्या सत्याहत्तर वर्षांच्या बाईने काय सांगायचं?

"काही नको काकू," मी म्हणालो. "तिकडे थंडी फार असते. जाताना थर्मल माझ्याकडून न्या."

"पैसे घेशील ना?"

"घेईन की," मी म्हणालो.