दहा मिनिटांत द्यायचा आहारसल्ला

छापील डाएट चार्ट हातात दिला की सल्ला दिल्याचं समाधान मिळतं, पण पेशंटच्या ताटात काही फरक पडत नाही. तेल कमी, मीठ कमी, गोड बंद, भाज्या वाढवा, वजन उतरवा. हे सगळं एका दमात सांगून होतं आणि त्यातलं काय, कधी, कसं करायचं ते ठरतच नाही. प्राथमिक आरोग्यसेवेत वेळ तुटपुंजा असतो, म्हणूनच एका भेटीत एकच सवय हाताळावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी परवानगी घ्यावी: "खाण्याबद्दल थोडं बोलू या का?" मग कालचा दिवस विचारावा. "तुम्ही काय खाता?" असं विचारलं की लोक आदर्श दिवसाचं वर्णन करतात. "काल उठल्यावर पहिलं काय घेतलं? त्यानंतर?" असं विचारत झोपेपर्यंत यावं. पेयं, दोन जेवणांमधलं खाणं आणि वरून घेतलेलं मीठ हमखास सांगायचं राहतं. ते वेगळं विचारावं. ऐकताना नाराजी चेहऱ्यावर दिसली, तर पुढची उत्तरं आखडती येतात.

समजा कळलं की दिवसाला चार कप चहा होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाच्या सपाट चमच्यात सुमारे 4 ग्रॅम मावते. म्हणजे नुसत्या चहातून 32 ग्रॅम. 2000 किलोकॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 च्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप सांगतं. हा हिशेब समोर बसून मांडला की पेशंट स्वतःच म्हणतो, "एक चमचा कमी करून बघतो." तिथे न थांबता नेमकं ठरवावं: कोणते कप, साखर कोण घालणार, कधीपासून.

मग विचारावं, "हे जमेल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती?" उत्तर 5 आलं तर "10 का नाही?" असं विचारू नये, अडचणींचा पाढा सुरू होतो. "2 न म्हणता 5 का म्हणालात?" असं विचारलं की बदलाच्या बाजूची कारणं त्याच्याच तोंडून येतात. आकडा 7 च्या खाली असेल तर ध्येय लहान करावं: चारही कपांऐवजी एकच.

मिठाचा सल्ला स्वयंपाक न करणाऱ्याला देऊन उपयोग नाही. करणाऱ्याला सोबत बोलवावं. दिवसाची 5 ग्रॅमची मर्यादा म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, पाकीटबंद पदार्थांतलं मीठ धरून. हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ परस्पर सुचवू नये. इन्सुलिन किंवा रक्तातली साखर खूप उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी औषधाचा डोस तपासावा.

21 दिवसांत सवय लागते, असं पेशंटला सांगू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात 18 ते 254 दिवस असा पल्ला निघाला, मध्यक (निम्मे लोक त्याच्या खाली, निम्मे वर) 66 दिवसांचा. फॉलोअप साधारण दोन आठवड्यांनी ठेवावा आणि वजनकाट्याआधी सवय विचारावी: "सातपैकी किती दिवस जमलं?" वजन पाण्यामुळेच किलोभर खाली-वर होतं. जे दिवस चुकले, त्या दिवशी काय घडलं ते विचारून केसपेपरवर लिहावं. पुढचं ध्येय त्यातूनच ठरतं.