हिरवी टिकली

कोपरखैरण्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी, आणि माझ्या वर्गातील बहुतेक मुले खरोखरच त्या अंतरात राहतात. तरीही निम्म्याहून अधिक मुले स्कूटरवर किंवा व्हॅनने येतात. ‘रस्त्यावर गाड्या फार, म्हणून आम्ही सोडायला येतो,’ असे पालक सांगतात. सकाळी फाटकासमोर होणारी कोंडी त्यांच्याच गाड्यांची असते, हे मी दर पालकसभेत स्पष्टपणे सांगते आणि दर वेळी सभेत शांतता पसरते.

म्हणून या वर्षी परिसर अभ्यास आणि गणित एकत्र करून ‘माझी शाळेची वाट’ हा प्रकल्प घेतला. आमच्याकडे प्रकल्प म्हणजे विकतची चित्रे चिकटवलेली आणि बहुधा आईने रात्री जागून पूर्ण केलेली वही, अशी समजूत सहकाऱ्यांमध्येही आहे आणि मला ती मुळीच मान्य नाही. आम्ही मैदानावर टेपने २० मीटर आखले, प्रत्येक मुलाने ते तीनदा चालून पावले मोजली आणि सरासरी काढली. नऊ वर्षांच्या मुलाचे पाऊल साधारण अर्ध्या मीटरचे भरते, म्हणजे किलोमीटरला सुमारे २,००० पावले, हे फळ्यावर काही न लिहिता मुलांनी स्वतः शोधले. मग दर मीटरला गाठ मारलेली सुतळी घेऊन पदपथ मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. विजेचा डीपी आणि उभ्या केलेल्या दुचाकी यांच्यामधून आमची सुतळी एका ठिकाणी एक गाठसुद्धा पुरी पसरली नाही.

चार कार्डशीट जोडून मी सेक्टरांचा नकाशा काढला आणि त्यावर मुलांनी आपापल्या घराच्या जागी टिकल्या लावल्या: चालणाऱ्यांची हिरवी, व्हॅनची पिवळी, दुचाकीची लाल. आठवडाभर चालत आलेल्या मुलाची लाल किंवा पिवळी टिकली शनिवारी काढून हिरवी लावायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत मीच घालून दिली होती.

आपापल्या वाटेचे वर्णन वर्गासमोर सांगायचे होते, त्या दिवशी एक मुलगा उभा राहिला. त्याची टिकली पिवळी होती. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडून, एमआयडीसीच्या बाजूने येणारी त्याची वाट ३,९०० पावलांची होती. गटाराचे कोणते झाकण हलते, पाऊस थांबल्यावरही कुठे दोन दिवस पाणी साचून राहते, कोणत्या वळणावर टेम्पो न बघता मागे येतात, हे सगळे त्याने क्रमाने सांगितले. मग म्हणाला, “सिग्नल हिरवा असेपर्यंत माझी २६ पावले होतात आणि रस्ता ३४ पावलांचा आहे. म्हणून मी पळतो.”

इतके नेमके निरीक्षण मी कोणत्याही वर्गात ऐकले नव्हते. आनंदाच्या भरात मी मोठ्याने म्हणाले, “अरे, म्हणजे तू रोज चालत येतोस! मग तुझी टिकली हिरवी हवी!” आणि मी टाळ्या वाजवल्या. वर्गानेही वाजवल्या. तो मात्र नकाशाकडे न येता, मान खाली घालून जागेवर बसला.

मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. “बाई, माझी पिवळीच राहू द्या. बाबा म्हणालेत, पुढच्या वर्षी व्हॅन लावू.”

मी बराच वेळ काहीच बोलू शकले नाही. चालणे ही चांगली सवय आहे, हे मी आजही मानते. पण माझी हिरवी टिकली ज्यांच्या दाराशी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी होती. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्याने चार वर्षे जपलेली गोष्ट तिने सगळ्यांसमोर उघडी केली. प्रकल्प आखताना प्रत्येक मुलाच्या पावलाची लांबी मी काढली, पण तो का चालतो हे एकदाही विचारले नाही. विचारले असते तरी वर्गात सर्वांसमोर विचारले असते, आणि त्याने तेव्हाही व्हॅनच सांगितली असती.

सिग्नलची वेळ वाढवावी, असे पत्र वर्गाने मिळून लिहिले. त्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुवाच्य, म्हणून ते उतरवायला मी त्याच्याकडे दिले. २६ आणि ३४ हे आकडे त्याने ठळक काढले आणि खाली ‘इयत्ता चौथी’ एवढेच लिहिले. शनिवारच्या टाळ्या मी बंद केल्या आहेत. रस्त्यापलीकडे नकाशावर त्याची टिकली अजून पिवळीच आहे.