नानांनी घेतलेला कांदा

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अमेरिकेत स्वतःच्या मर्जीने विकत घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे कांद्याचं एक चित्र. तेही घासाघीस न करता. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा आईने दोनदा विचारलं, "कांदे घेतले की चित्र घेतलं?"

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. लासलगावचा बाजार जवळ. घरात बोलणं सुरू होतं ते कांद्याच्या भावावरून आणि थांबतं तेही भावावरूनच. मी इथे सिॲटलच्या शेजारी, बेलव्ह्यूला राहते त्याला आता सहा वर्षं झाली. आल्याआल्या सगळे जिथे जातात तिथे मीही गेले होते, पाईक प्लेस मार्केटला. उडते मासे पाहिले. गिऱ्हाइकाने मासा पसंत केला की तिथली पोरं तो आरोळी ठोकून एकमेकांकडे फेकतात. मग 'पहिल्या' स्टारबक्सच्या रांगेत पाऊण तास उभी राहिले. (नंतर कळलं, १९७१चं पहिलं दुकान इथे नव्हतंच. ते वेस्टर्न ॲव्हेन्यूवर होतं, १९७६मध्ये या जागी आलं. पाऊण तास गेला तो गेलाच.) काशाच्या डुकरीच्या गुल्लकीत नाणं टाकलं, फोटो काढला, घरी आले. झालं मार्केट, असं वाटलं.

खरं मार्केट दिसायला वर्ष गेलं. पावसातून आडोशाला म्हणून उत्तरेकडच्या लांब छपराखाली शिरले. तिथे फुलांच्या बादल्या संपतात आणि लाकडी ओट्यांवर हाताने केलेल्या वस्तू सुरू होतात. मातीचे मग, चामड्याची पाकिटं, चांदीचे डूल. आणि चित्रं. भिंतभर मोठी, सोफ्याच्या रंगाला मॅच होणारी नाहीत. पोस्टकार्डाएवढी, वहीएवढी. छत्री घेतलेलं अस्वल, फेरी बोटीच्या कठड्यावर झोपलेला सीगल, शाईने काढलेलं एकच नेचं. प्रत्येक ओट्यामागे एक माणूस, पायात लोकरी मोजे, हातात थर्मास.

मी अस्वलाचा फोटो काढायला मोबाईल वर केला. ओट्यामागची बाई हसून म्हणाली, फोटो नको, गप्पा मारल्या तरी चालतील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग गप्पा मारल्या. तेव्हापासून मी तिथे जाते ती निम्मी गप्पांसाठीच.

या ओट्यांचा एक नियम आहे, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या नियमात आहे: जो बनवतो त्यानेच विकायचं. घाऊक आणून मांडायचं नाही. तुमचं काम आधी तपासलं जातं, तुमच्या हातचंच आहे ना ते बघतात, मग परवाना. तरीही ओटा कायमचा मिळत नाही. रोज सकाळी हजेरी होते. नावं पुकारली जातात ती ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. ज्याची वर्षं जास्त त्याने आधी जागा निवडायची, नवख्याने उरलेलं कोपऱ्यातलं, वाऱ्याचं घ्यायचं. शेतकरी आले तर त्यांचा मान पहिला, कारागिरांचा नंतर. बाजार समितीच्या आवारात गाड्यांचा नंबर लावून रात्र काढलेल्या माणसाच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

हा नियम आला कुठून? तर कांद्यातून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते. १९०६-०७च्या सुमारास सिॲटलमध्ये कांदा पौंडाला दहा सेंटवरून एक डॉलरवर गेला. दहापट! लोक भडकले. शेतकऱ्याच्या हातात मात्र काही पडत नव्हतं. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरचे अडते माल ठेवून घेत आणि मधला पैसा मधेच जिरत असे. थॉमस रेवेल नावाच्या नगरसेवकाने सुचवलं की शेतकऱ्याने रस्त्यावर गाडी लावून थेट गिऱ्हाइकाला विकावं. १७ ऑगस्ट १९०७ला मूठभर गाड्या आल्या, गर्दी तुटून पडली आणि दुपार व्हायच्या आत माल संपला. मार्केटचं ब्रीद आजही तेच आहे: पिकवणाऱ्याला भेटा.

चित्रांना हाच नियम लावला की काय होतं, ते या ओट्यांवर दिसतं. चित्रकारालाही अडत्या असतोच. तो छान कपडे घालतो आणि त्याच्या दुकानाला गॅलरी म्हणतात. गॅलरी साधारण निम्मी किंमत ठेवून घेते. तिची बाजू मी नाकारत नाही. भाडं, दिवे, ओळखी, सगळ्याला पैसा लागतोच. पण निम्मे म्हणजे निम्मे. आमच्याकडे एवढी अडत कुणी कापली असती तर लिलाव बंद पाडले असते.

मात्र या छपराखाली सगळं रम्य आहे असं समजू नका. जानेवारीत तिथे बोटं वाकत नाहीत. दिवसाला हजार माणसं "वा, सुंदर!" म्हणतात आणि पुढे जातात. ज्या हाताने काढायचं त्याच हाताने सुटे पैसे मोजायचे, पिशव्या भरायच्या, ओल्या फरशीवर दिवसभर उभं राहायचं. एका चित्रकाराने मला सांगितलं की आठवड्यातला त्याचा चित्र काढण्याचा वेळ विकण्याच्या वेळेच्या निम्माही नसतो. शेतकऱ्याने थेट विकावं असं आपण भाषणात सहज म्हणतो. मग निंदायचं कुणी?

आणखी एक तक्रार. 'प्रिंट' हा शब्द इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि नव्या माणसाची त्यात फसगत होते. एक प्रिंट म्हणजे मूळ चित्राची चांगल्या कागदावर, चांगल्या शाईच्या मशीनवर काढलेली नक्कल. ती वाईट नसते, स्वस्त असते, आणि चित्रकाराचं घर बहुधा तिच्यावरच चालतं. दुसरी प्रिंट म्हणजे ठसा. आपण शाळेत भेंडी कापून, रंगात बुडवून वहीवर उमटवायचो, तिची थोरली बहीण. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, त्यावर चित्र उलटं काढायचं, बारीक पटाशीसारख्या हत्याराने नको तो भाग खोदून काढायचा, उरलेल्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं. यंत्र नसेल तर लाकडी चमच्याची पाठही चालते. यात 'मूळ चित्र' वेगळं नसतंच. जेवढे ठसे काढले तेवढी सगळी मूळ. खाली पेन्सिलने आकडा असतो, समजा १४/४०. म्हणजे चाळीसपैकी चौदावा.

या ओट्यांवर माझी एक ठरलेली बाई आहे. ती भाज्यांचे ठसे करते. बीट, लसूण, आर्टिचोक. आणि कांदा. तिच्या कांद्यात तीन रंग आहेत, पण तिन्ही एकाच तुकड्यावरून. आधी थोडं खोदून सगळ्या कागदांवर फिका रंग. मग तोच तुकडा आणखी खोदून वर गुलाबी. मग आणखी खोदून सगळ्यात गडद जांभळट. शेवटी तुकड्यावर फक्त रेषा उरतात. मागे जायची सोय नाही. पहिला रंग पुन्हा काढायचा म्हटलं तरी तो भाग आता खोदून गेलेला असतो. दुसरा रंग केसभर जरी सरकला तरी तो कागद बाद.

तर, नाना. मागच्या उन्हाळ्यात नाना आणि आई दोन महिन्यांसाठी आले होते. आईला इथली दुकानं आवडली, नानांना इथलं काहीच आवडलं नाही. सगळं झाकपाक, कुठे माती नाही, असं त्यांचं म्हणणं. आईच्या पायाला फोड आले होते, त्या दिवशी मी एकट्या नानांना मार्केटला नेलं.

माशांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फुलांपाशी मात्र थांबले. तिथे बरेचसे हमोंग शेतकरी असतात. लाओसमधल्या युद्धातून निसटून आलेली ही माणसं, आता इथल्या खोऱ्यांत फुलं पिकवतात. डेलियाच्या बादलीमागच्या म्हाताऱ्याच्या बोटांच्या नखांत माती होती. नानांनी ती बरोबर हेरली. दोघांनी खुणांनी काहीतरी बोलून घेतलं, बहुतेक पाण्याविषयी.

मुख्य प्रवेशाशी वर पाच चित्रं लावलेली आहेत. अकी सोगाबे या चित्रकर्तीची, १९९९ सालची. मूळ काम कागद कापून केलेलं. काळा कागद सुरीने असा कापायचा की उरलेली प्रत्येक रेष दुसरीला धरून राहिली पाहिजे, एक तुटली की सगळं सुटलं. मागून रंग. नाना म्हणाले, आकाशकंदिलाचं काम दिसतंय. मी त्यांना गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाआधी इथले निम्म्याहून जास्त गाळे जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचे होते. १९४२मध्ये सरकारने हुकूम काढला आणि त्यांना घरदार, शेती सोडायला लावून छावण्यांत डांबलं. पुष्कळ जण परत या गाळ्यांवर आलेच नाहीत. ती चित्रं त्यांची आठवण म्हणून आहेत.

नाना मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उभं पीक होतं का तेव्हा?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फेब्रुवारीत हुकूम निघाला आणि वसंतात माणसं हलवली, म्हणजे पेरण्या झालेल्या असणार. मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

पुढे चालता चालता मी त्यांना व्हिक्टर स्टाइनब्रूकची गोष्टही ऐकवली, कारण ती मला फार आवडते. साठच्या दशकात हे मार्केट पाडून तिथे हॉटेल, ऑफिसं आणि पार्किंग करायचा घाट घातला होता. स्टाइनब्रूक वास्तुविशारद, विद्यापीठात शिकवणारे. स्पेस नीडल या सिॲटलच्या प्रसिद्ध मनोऱ्याच्या रचनेतही त्यांचा हात होता. ते इथे येऊन पेनाने ओटे, टोपल्या, झोपलेले म्हातारे, पाट्या असं सगळं रेखाटत बसायचे. १९६८मध्ये त्या रेखाटनांचं पुस्तक निघालं. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी सह्या गोळा केल्या, प्रकरण मतदानाला नेलं आणि नोव्हेंबर १९७१मध्ये शहराने मार्केट राखायचा कौल दिला. नुसत्या चित्रांनी ते वाचलं असं मी म्हणणार नाही, सह्यांनी वाचलं. पण ज्या गोष्टीला लोक उकिरडा म्हणत होते ती बघण्यासारखी आहे, हे त्या पेनाने दाखवलं होतं.

"मग आपल्या बाजाराचं पण काढायला पाहिजे कुणीतरी," नाना म्हणाले आणि लगेच, "पण उभं राहायला जागा कुठंय तिथं."

माझ्या बाईच्या ओट्यापाशी नाना एकदम थांबले. कांदा दिसला होता. चष्मा काढून पुसला, परत लावला, वाकले. ती उत्सुकतेने बघत होती. मी म्हटलं, माझे वडील, कांदा पिकवतात. तिने हातातला थर्मासच खाली ठेवला.

"तिला सांग, मान जाड काढलीय," नाना म्हणाले. "असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. महिन्यात कोंब धरतो."

मी सांगितलं, जमेल तसं. कांद्याच्या मानेला इंग्रजीत काय म्हणतात हे मला त्या दिवशी तिच्याकडून कळलं. मानच म्हणतात. ती म्हणाली, हा तिच्या शेजारणीच्या वाफ्यातला, ताजा उपटलेला होता, वाळवलेला नाही. नानांना हे उत्तर पटलं. "मग बरोबर आहे. ओला असताना अशीच असते." मग त्यांनी साल कसं काय इतकं पातळ दिसतंय ते विचारलं, आणि तिने खोदलेला तुकडाच पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. शेवटच्या रंगाचा, नुसत्या रेषा उरलेला. नाना त्यावर अंगठा फिरवत राहिले. किती कागद बाद झाले, त्यांनी विचारलं. पन्नासवर सुरुवात केली, चाळीस निघाले, ती म्हणाली.

"म्हणजे दहा गोल्टीत गेले," नाना मला म्हणाले. गोल्टी म्हणजे निवडून बाजूला काढलेला बारीक कांदा. याचं भाषांतर मी केलं नाही.

पंचेचाळीस डॉलर. नानांनी मनातल्या मनात गुणाकार केला, तो चेहऱ्यावर दिसला. बरा भाव असला तर दोन क्विंटलचे पैसे. मला वाटलं, आता चला म्हणतील. त्याऐवजी त्यांनी विचारायला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत गेला नाही तर हिच्या मालाचं काय होतं?"

ती म्हणाली, घरी नेते, पुढच्या वेळी परत आणते.

"सडत नाही," नाना म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. आणि बंडीच्या आतल्या खिशातून मीच त्यांना दिलेले डॉलर काढून मोजायला लागले. तिने कमी करते असं सुचवलं, शेतकरी म्हणून. नाना नको म्हणाले. बसमध्ये चित्राचं पाकीट मांडीवर आडवं धरून बसले होते, वाकू नये म्हणून.

आता ते गावच्या घरात ओसरीवर आहे, बाजार समितीच्या कॅलेंडरशेजारी, काचेत. आलेल्या माणसाला ते कॅलेंडरचंच पान वाटतं. मग नाना त्याला खालचा पेन्सिलचा आकडा दाखवतात. परवा फोनवर भाव सांगून झाले, पाऊस सांगून झाला, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, त्या बाईकडे गेलीस की विचार. बाकीचे एकोणचाळीस कुणाकुणाकडे गेले?"