फार्मव्हिलचं नाटक

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंडहून फार्मव्हिल साधारण शंभर किलोमीटर, रस्त्यात बघायला झाडं, चर्च आणि पेट्रोल पंप, बाकी काही नाही. जायचं कारण नाटक. गावातली हौशी मंडळी तिथल्या 1951 च्या शाळेच्या संपावर नाटक करतायत असं ऑफिसमधल्या एकीने सांगितलं, तिची मावशी त्यात होती, मग म्हटलं दिवसा म्युझियम करू आणि संध्याकाळी नाटक.

म्युझियम म्हणजे तीच शाळा, रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल. कृष्णवर्णीय मुलांसाठी 1939 मध्ये बांधलेली, 180 मुलं मावतील एवढी, आणि 1951 पर्यंत मुलं झाली साडेचारशे. जिम नाही, कॅफेटेरिया नाही, सायन्स लॅब नाही. नवीन इमारत मागितली तर काउंटीने (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) आवारात डांबरी कागद ठोकलेल्या शेड उभ्या करून दिल्या, त्या पावसात गळायच्या आणि थंडीत स्टोव्हजवळची मुलं घामाघूम तर लांबची कोट घालून बसलेली.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते तिथल्या सभागृहात. कारण संप सुरू झाला तोच स्टेजवरून, आणि अक्षरशः नाटक करूनच! 23 एप्रिल 1951 ला हेडमास्तरांना फोन गेला की तुमची मुलं बस स्टेशनवर गोत्यात आलीत, ते तिकडे धावले, इकडे त्यांच्या नावाची खोटी चिठ्ठी वर्गावर्गात फिरली की सगळ्यांनी हॉलमध्ये या, पडदा सरकला आणि स्टेजवर हेडमास्तर नाहीतच, 16 वर्षांची विद्यार्थिनी बार्बरा जॉन्स उभी. पुढे दोन आठवडे शाळा ओस.

मुलांना आधी फक्त चांगली इमारत हवी होती हं. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन म्हणाले, केस लढू, पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळाच बंद करा अशी मागणी असेल तरच. 117 मुलांच्या नावाने दावा लागला आणि 1954 च्या ब्राउन निकालात (अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या तो) जे पाच खटले एकत्र केले होते त्यातला हा एक, विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला एकमेव. (शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायचा हुकूम 1919 सालीच काढलेला, हे मला तिथे उभं असताना सारखं आठवत होतं.)

संध्याकाळचं नाटक गावातल्याच एका हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्या, माइक मधेच खरखरणारा. पहिला अंक म्हणजे संप, तो छानच रंगला, बार्बरा झालेल्या मुलीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत. पण मला विचाराल तर खरं नाटक दुसऱ्या अंकात. कारण निकाल लागून काही झालंच नाही, उलट 1959 मध्ये काउंटीने शाळांसाठी कर लावायलाच नकार दिला आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी निघाली, कृष्णवर्णीय मुलांना पाच वर्षं सरकारी शाळाच नाही. काहींना नातेवाइकांकडे परगावी पाठवलं, काही चर्चच्या तळघरात थोडंफार शिकली, खूप जणांचं शिक्षण तिथेच थांबलं. 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत आदेश दिला तेव्हा कुठे शाळा उघडल्या. आपण 1954 ला टाळ्या वाजवून मोकळे होतो, इथे मात्र तो निकाल मध्यंतराआधीच लागतो आणि मग तुम्ही खुर्चीत नुसते चुळबुळ करत बसता.

त्यात गंमत अशी की गोरे नट कमी पडले, त्यामुळे कर नाकारणाऱ्या बोर्डातल्या एका मेंबरचं काम एका सत्तरीच्या कृष्णवर्णीय काकांनी केलं. ठरावावर हात वर करताना त्यांनी जो वेळ घेतला ना, तो कुठल्या डायरेक्टरने शिकवलेला नव्हता. नाटकानंतर कॉफी घेताना कळलं की शाळा बंद झाल्या तेव्हा ते स्वतः दुसरीत होते, आणि आधी ते बार्बराच्या वडिलांचा रोल मागत होते.

शेवटी मात्र सगळ्यांनी मिळून एक आनंदी गाणं म्हटलं, ते मला बिलकुल पटलं नाही, पाच वर्षांच्या कुलपानंतर लगेच टाळ्या कसल्या? काकांना तसं बोलून दाखवलं तर हसायलाच लागले. म्हणाले माझंही तेच मत आहे, तालमीत भांडलो पण होतो, पण चर्चच्या कॉयरमधली पंधरा माणसं नाटकात घेतलीत म्हटल्यावर त्यांना एक तरी गाणं द्यायला लागतंच.