तुम्ही विचारलंत म्हणून: हा मासा जेवत का नाही?

आमच्या दिवाणखान्यातल्या टँकसमोर आलेला पाहुणा थबकतो आणि हमखास विचारतो, "हा एक मासा खात का नाही हो? आजारी आहे का?" इंदूरच हे. कोणी उपाशी दिसलं की आधी काळजी, मग पोहे.

आजारी नाही. त्याच्या तोंडात पोरं आहेत.

हा बांगाई कार्डिनल: रुपेरी अंगावर काळे पट्टे, पांढरे ठिपके. कार्डिनलांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती. बहुतेक बोटाएवढे, दिवसभर प्रवाळाच्या कपारीत दडून बसणारे आणि दिवेलागणीनंतर मोठाल्या डोळ्यांनी भक्ष्य शोधत बाहेर पडणारे. सराफ्यात कशी सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की भुट्ट्याच्या किसाची कढई चढते, तसंच.

अंडी मादी घालते, पण तोंडात धरतो बाप. बांगाईची चाळीसेक नारिंगी अंडी असतात. हनुवटी फुगते, मधूनच तो जबडा उघडून ती खालीवर करतो, तेव्हा काचेला नाक लावलं तर ती दिसतात. वीसेक दिवसांनी फुटतात. इतर कार्डिनल तेव्हा पिल्लं प्रवाहात सोडून मोकळे होतात, हा मात्र आणखी आठ-दहा दिवस सांभाळतो. तोवर अन्नाला शिवत नाही.

या मायेची किंमतही आहे. पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातच नाहीत, म्हणून जगात हा मासा मूळचा फक्त इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवती. १९९०च्या दशकात शौकिनांसाठी तो इतका उपसला, की २००७ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत 'धोक्यात' म्हणून गेला. माझी जोडी टँकमध्येच जन्मलेली आहे, नाहीतर मी घेतलीच नसती.

पहिल्या खेपेला मलाही हे ठाऊक नव्हतं. दोन दिवस खाल्लं नाही म्हणून घाबरून जाळी घातली, त्याला वेगळं काढायला. त्याने सगळी अंडी थुंकली. अजून चुटपुट लागते.

गेल्या खेपेला हात मागे बांधून बसले. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी जिन्यातूनच विचारायच्या, "जेवला का गं?" अठ्ठाविसाव्या रात्री टँकमधल्या समुद्री अर्चिनच्या, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जीवाच्या, लांब काळ्या काट्यांत करंगळीच्या नखाएवढी, हुबेहूब बापासारखी पट्टेरी पिल्लं दिसली. मोजली, तेवीस भरली. सकाळी बापाने वितळवलेली कोळंबी एका झेपेत गिळली. मी दार उघडून ओरडले, "काकू, जेवला!"