प्रोबेशन आणि भूगोलाचा तास

स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि पाठोपाठ सूचनाही आली : "मुलांना कमांडोचं फार वेड आहे, तेच लिहा." लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, यात बंदुका फारशा नाहीत.

पायदळात होतो, तिथून पॅरा स्पेशल फोर्सेससाठी, म्हणजे लष्कराच्या छत्रीधारी कमांडोंसाठी, स्वतःहून नाव दिलं. तिथे आधी प्रोबेशन, म्हणजे पारखून घेण्याचा काळ. त्यातल्या नव्याला 'प्रोबी' म्हणतात, शिकवणाऱ्याला 'उस्ताद' आणि उस्तादांनी केलेल्या शिक्षेला 'रगडा'. कुणी कुणाला धरून ठेवत नाही. "जमत नाही" एवढं म्हटलं की सामान बांधायचं आणि जुन्या पलटणीत परत. आमच्यातले बरेच जण असेच गेले. त्यांना कुणी नापास केलं नव्हतं.

त्यातल्या पुष्कळांना पायांनी दगा दिला. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि अंतर वाढत जाणारे स्पीड मार्च. त्यात बूट एकदा ओले झाले की तळव्याची कातडी भिजून मऊ पडते आणि फोड धरतात. थांबा मिळाला की आधी बूट काढायचे, पाणी नंतर प्यायचं. पाय कोरडे करून पावडर लावायची, मोजे बदलायचे. ओला जोड शर्टाच्या आत पोटाशी ठेवायचा, अंगाच्या उबेने वाळतो. फोड कडेने स्वच्छ सुईने टोचून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र सोलायची नाही. ज्यांना याचा कंटाळा आला, ते माझ्यापेक्षा दणकट असूनही गेले.

मुलं विचारतात, जोर किती मारायचे? मारा हवे तेवढे. पण दंड कमावलेली पोरं दोरावर लटकलेली मी पाहिली आहेत. दोर पायांच्या पकडीने चढायचा असतो, हात फक्त पुढची जागा धरतात.

मला खरं तारलं ते भूगोलाच्या तासाने. सरांनी भारतीय सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० चा नकाशा फळ्यावर टांगला होता : दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या. रेषा दाटल्या की कडा. रेषांचं टोक चढाकडे वळलं तर दरी, उताराकडे वळलं तर सोंड. छेद काढायला लावत, आम्ही कुरकुरायचो.

प्रोबेशनमध्ये रात्री टॉर्च लावता येत नाही. दिवसाउजेडीच प्रत्येक टप्प्याचं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) आणि अंतर काढून तक्ता करायचा आणि तो पाठ करायचा. एकाच्या हाती होकायंत्र, दुसरा पावलं मोजणार. शंभर मीटरला आपली पावलं किती पडतात ते आधीच मोजून ठेवलेलं असतं. चढावर पाऊल आखूड पडतं, तिथे आकडा वाढवून धरायचा. शंभर मीटर झाले की या खिशातला एक खडा त्या खिशात. सोपं वाटतं ना? आता उलटं, म्हणजे परतीच्या दिशेचं बेअरिंग काढा : १८० अंश मिळवायचे की वजा करायचे? जाग्या माणसाला हा प्रश्न म्हणजे पोरखेळ. दोन रात्री न झोपलेल्याला विचारून बघा! झोप नसली की पायांच्या आधी डोकं जातं. अशा वेळी मला आकडे आठवत नसत, जमिनीचा आकार आठवे. डावीकडे सोंड असायला हवी होती, इथे तर नाला लागला, म्हणजे चुकलो, मागे फिरा. रोज आमच्या पुढे धावणारी तुकडी एकदा भलत्याच नाल्यात उतरली आणि पहाटेपर्यंत वर आलीच नाही.

प्रोबेशन निभावलं, गडद तांबड्या रंगाची बेरे टोपी मिळाली. मग आग्र्याचं पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. लोक सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात आणि खरं म्हणजे तिथे आपल्या हातात फार थोडं असतं. पॅराशूटची दोरी, म्हणजे स्टॅटिक लाइन, विमानातल्या तारेला अडकवलेली असते, छत्री तीच ओढून उघडते. हिरवा दिवा लागला की दाराबाहेर पडायचं, वर बघून छत्री नीट फुलली का ते तपासायचं आणि उतरताना दोन्ही पाय जोडून ठेवायचे.

पण कौतुक झालं ते उड्यांबद्दल छातीवर लागलेल्या पंखांच्या बिल्ल्याचंच. भूगोलाच्या सरांना आवर्जून फोन केला, तर त्यांनीही पहिल्यांदा विमानाचंच विचारलं.