बाण नसलेला फोटो

'दुहेरी बाण दिसला की आधी तपासा,' हा उपदेश घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच करायचे. अनेकदा पुढे ढकललेल्या मेसेजवर हा बाण उमटतो. गेल्या महिन्यात तोंडघशी पडले, तेही त्या बाणापायीच.

भाऊजींनी एक फोटो पाठवला. खचलेला पूल, कडेला लटकलेली बस आणि खाली, 'आत्ताच घडलंय, त्या रस्त्यानं जाऊ नका.' बाण एकही नाही. म्हणजे त्यांच्या ओळखीतल्याच कुणीतरी काढलेला असणार, असं धरून मी तो तीन ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मावशी: "अगं, आपण इथे घामानं निथळतोय आणि त्या फोटोतली माणसं स्वेटर घालून कशी?"

गूगल लेन्सला विचारलं. फोटो जुना, शिवाय भलत्याच देशातला.

भाऊजींकडे तो दुहेरी बाणासकटच आला होता. त्यांनी गॅलरीत सेव्ह केला, मजकूर कॉपी केला आणि नव्यानं पाठवला, "नीट दिसावा म्हणून." व्हॉट्सअ‍ॅपची मोजणी मेसेजला चिकटलेली असते, फोटोला नाही. पाच हात फिरला की दुहेरी बाण. नव्यानं चढवला की पाटी कोरी.

एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणवाला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. त्यानंतर असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं होतं. मला पटतं. माझ्यासारख्या आळशाला एक जादा टिचकीही जड जाते.

पण भारताच्या २०२१ च्या आयटी नियमांत, आदेश आल्यास मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी 'पहिला पाठवणारा' शोधून द्यावा, अशी तरतूद आहे. ती वाचताना मला भाऊजीच दिसले. आमच्याकडे आलेल्या मेसेजचा माग काढला तर तो त्यांच्या दारात संपणार. खोडी काढणारा नामानिराळा, आणि जबाब द्यायला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आमचे भाऊजी! असा माग काढायचा तर सगळ्यांच्याच एन्क्रिप्शनला, म्हणजे मेसेज तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाला, भोक पाडावं लागेल, असं व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं. एरवी मी कंपन्यांची वकिली करत नाही, इथे करते.

मी तिन्ही ग्रुपवरून फोटो 'सगळ्यांसाठी डिलीट' केला. ज्यांनी तोवर पुढे ढकलला होता, त्यांच्याकडे तो राहिलाच. मग लांबलचक खुलासा लिहिला. त्यावर मावशीचा अंगठा आला, बाकी सामसूम.

परवा एका चुलत भावानं तोच फोटो मला पाठवला. आता त्यावर दुहेरी बाण होता.